जुलैमध्ये उघडा राहील असा घाट कोणता?

संपादक महोदय,

मे महिना सरत आला की आपल्या दैनिकाच्या कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पानांवर एक बातमी दरवर्षी ठरल्यासारखी येते. अमुक घाट अवजड वाहनांसाठी सप्टेंबरअखेरपर्यंत बंद, तमुक घाटात दरडप्रवण ठिकाणी फलक लावले, वाहनचालकांनी पर्यायी मार्गाचा वापर करावा. ही बातमी चार ओळींची असते. तिच्यातला ‘पर्यायी मार्ग’ हा शब्द इतक्या सहजपणे छापला जातो की तो मार्ग खरोखर आहे का आणि असला तर त्याच आठवड्यात तो उघडा असतो का, हे विचारायचे कोणाला सुचत नाही. रस्त्यांच्या बांधणीत आणि देखभालीत माझी एकतीस वर्षे गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर. निवृत्तीनंतर चिपळुणात राहतो. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे, पण आपण ते पूर्ण छापावे अशी विनंती आहे.

बोरघाटाच्या दक्षिणेकडील रस्त्यांचा नकाशा समोर धरला तर तो शिडीसारखा दिसतो. खालचा दांडा म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, वरचा दांडा म्हणजे पुणे-बंगळूर महामार्ग आणि या दोहोंना जोडणाऱ्या पायऱ्या म्हणजे घाट: ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली. या पायऱ्या कोणी एकत्र बसून आखलेल्या नाहीत. प्रत्येक बंदराला घाटमाथ्यावरची आपली बाजारपेठ हवी होती आणि बैलांच्या तांड्यांनी जी खिंड सोयीची मानली तिथे वाट पडली. कल्याणचा माल नाणेघाटाने जुन्नरला चढे. तिथले सातवाहनकालीन लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही पाहता येतो. महाडला वरंधा, चिपळूणला कुंभार्ली, राजापूरला अणुस्कुरा, वेंगुर्ल्याला आंबोली. पुढे इंग्रजी अमलात 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि मग एकामागून एक जुन्या वाटा गाडीरस्ते, डांबरी रस्ते आणि आता राष्ट्रीय महामार्ग होत गेल्या. आखणी मात्र अजून त्या बैलांच्या तांड्यांच्या काळातली आहे. प्रत्येक घाटाचा वेगळा प्रस्ताव, वेगळी निविदा, वेगळा ठेकेदार आणि वेगळा बंदी आदेश. सगळे घाट मिळून एकच जाळे आहे आणि एका पायरीवर घाव बसला की भार दुसरीवर येतो, ही गोष्ट कोणत्याही एका कागदावर लिहिलेली माझ्या पाहण्यात आलेली नाही.

याची किंमत आम्ही 2021 च्या जुलैमध्ये मोजली. त्या महिन्याच्या 22 आणि 23 तारखांना महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी वाहून गेला आणि तो अनेक आठवडे बंद राहिला. आंबा घाटात रस्ता खचला आणि तिथली अवजड वाहतूक काही महिने थांबली. चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली होते, म्हणजे कुंभार्लीतून कोणी उतरले असते तरी त्याला पुढे वाट नव्हती. वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग खचला, महामार्ग तुटला आणि कोकण रेल्वेच्या गाड्याही थांबल्या. वर कोल्हापूरजवळ पंचगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले होते. शिडीच्या पायऱ्या आणि दोन्ही दांडे एकाच दोन-तीन दिवसांत निकामी झाले. माझ्या घराच्या पहिल्या मजल्यावरून मी ते पाणी पाहत होतो आणि मदत कोणत्या बाजूने येईल याचा हिशेब मनात मांडत होतो. त्या हिशेबात एकही रस्ता शेवटपर्यंत पोहोचत नव्हता.

यात नशिबाचा भाग कमी आहे. अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि पाऊस टाकतो. ही भिंत सलग असल्यामुळे जोराचा झोत आला की तो शंभर-दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यातल्या सगळ्या घाटांना एकाच रात्री झोडपतो. म्हणून सपाटीवरच्या रस्त्यांचे गणित इथे चालत नाही. सपाटीवर एक पूल पडला तर दहा किलोमीटरवरचा दुसरा बहुधा शाबूत असतो, कारण दोघांचे दुखणे वेगवेगळे असते. घाटांचे दुखणे एकच आहे. शेजारचा घाट पर्याय म्हणून दाखवताना तोही त्याच पावसात भिजतो आहे, हे आधी लक्षात घ्यावे लागते.

गगनबावड्याचे उदाहरण बोलके आहे. नकाशावर कोल्हापूरहून वैभववाडीकडे उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट दिसतात. 2024 च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी करूळ घाट बंद झाला, तो सुमारे वर्षभर. वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटांकडे वळवली गेली. भुईबावडा हा अरुंद आणि आवळ वळणांचा रस्ता. तो एवढा भार घेण्यासाठी कधीच बांधला गेला नव्हता, आणि वर्षभराच्या वाहतुकीने त्याच्या साइडपट्ट्यांची आणि कठड्यांची काय दशा होणार हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. यात याहून मोठी मेख अशी की हे दोन्ही घाट गगनबावड्याच्या एकाच उंबऱ्यावरून खाली उतरतात. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ कुंभी नदीचे पाणी आले की दोन्ही घाट एकदमच कोल्हापुरापासून तुटतात. कागदावर दोन पायऱ्या, प्रत्यक्षात एकच. अशी मोजदाद करून जाळ्याची ताकद ठरवली तर ती दरवेळी फसवी निघणार.

याच्या उलट बाजूही आहे. पोलादपूरहून आंबेनळी चढते, त्यानंतर थेट चिपळूणपर्यंत वरच्या दांड्याला जोडणारी धड पायरी नाही. मधल्या खेड तालुक्यात रघुवीर घाट आहे, पण तो कांदाटी खोऱ्यातल्या गावांपर्यंत जातो आणि पुढे कोयनेचे पाणी आडवे येते. म्हणजे शिडीवर कुठे पायऱ्या दाटीवाटीने आहेत, तर कुठे मोठी पोकळी. पैसा कुठे घालायचा हे ठरवताना ही दाटी आणि ही पोकळी आधी पाहायला हवी. प्रत्यक्षात तो कुठे जातो हेही पाहावे. मुंबईहून निघणाऱ्या दोन मोठ्या मार्गांना बोगदे मिळाले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीचा सुमारे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा जून 2025 मध्ये खुला झाला आणि कसाऱ्याचा घाट टळला. पुणे द्रुतगती मार्गावर खोपोली ते कुसगाव असा जवळजवळ नऊ किलोमीटरच्या बोगद्यासह नवा दुवा काही हजार कोटी खर्चून आखला गेला, त्यातून सहा किलोमीटर आणि वीस-पंचवीस मिनिटे वाचावीत असा हिशेब होता. या कामांना माझा विरोध नाही, तिथली वाहने खरोखरच प्रचंड आहेत. मात्र मुंबई-पुणे प्रवासातली वीस मिनिटे आणि वरंध्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाचे पावसाळ्याचे चार महिने यांची तुलना करणारा तराजू आपल्याकडे नाही. वाचलेली मिनिटे गुणिले वाहने, हेच सूत्र वापरले तर दक्षिणेकडच्या एकाही घाटाचा क्रमांक कधी लागणार नाही.

दुसरे सूत्र अवघड नाही. प्रत्येक घाटासाठी लांबी, चढ, रुंदी, वाहनगणनेचे आकडे आणि गेल्या दहा वर्षांत तो किती दिवस बंद राहिला याची नोंद एका तक्त्यात मांडावी. मग एकेक घाट नकाशावरून पुसून पाहावा. तो पुसला की कोणत्या गावाला किती वळसा पडतो, रुग्णालय किती तास लांब जाते, भाजी आणि दूध कुठून येणार, हे मोजावे. दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत डायक्स्ट्रा या डच गणितज्ञाने 1959 मध्येच लिहून ठेवली आहे आणि आज साधा मोबाईलही ती वापरतो. त्यानंतरची पायरी महत्त्वाची. एकेक घाट पुसून थांबू नये, एकाच पावसात एकदम बंद पडलेल्या घाटांचे गट करून तो आख्खा गट पुसावा आणि उरलेल्या रेघांवरून मालट्रक, रुग्णवाहिका आणि एसटी जाते का ते पाहावे. 22 जुलै 2021 ची रात्र नकाशावर पुन्हा उभी करावी. जे घाट उघडे ठेवले तर सर्वांत जास्त माणसांची सर्वांत जास्त सोय होते, ते दोन किंवा तीन घाट निवडून त्यांच्यावर आधी खर्च करावा.

हे करताना नकाशे दोन काढावे लागतील, एक हलक्या वाहनांचा आणि एक अवजड वाहनांचा. जीप आणि दुचाकीसाठी जे दहा घाट आहेत ते चौदा किंवा सोळा चाकांच्या ट्रकसाठी चार-पाचच उरतात, कारण आवळ वळणावर लांब गाडी एका दमात वळत नाही, तिला मागे-पुढे घ्यावे लागते आणि तोवर दोन्ही बाजूंची रांग थांबते. कोकणातल्या बाजारात कोल्हापूर-सांगलीची भाजी येते आणि इथला आंबा, मासळी वर जाते. हा व्यवहार अवजड वाहनांच्या त्या विरळ नकाशावर चालतो. बंदी आदेशात ‘हलकी वाहने सुरू’ असे वाक्य असले की वाचणाऱ्याला दिलासा वाटतो, पण बाजाराच्या दृष्टीने तो घाट बंदच असतो.

आता रुंदीकरणाबद्दल, कारण आपल्याकडे घाट सुधारणे म्हणजे घाट रुंद करणे असा समज पक्का झाला आहे. डोंगराचा उतार 45 अंशांचा धरा आणि रस्त्याची सगळी रुंदी डोंगर उभा कापून मिळवली आहे असे समजा. साडेपाच मीटर रुंदीसाठी दर मीटर लांबीला सुमारे 15 घनमीटर खोदकाम होते. दहा मीटर रुंदीसाठी ते 50 घनमीटर होते. रुंदी दुपटीहून कमी वाढली, खोदकाम तिपटीहून अधिक वाढले आणि डोंगराच्या पायाशी उघडी पडलेली कड साडेपाच मीटरवरून दहा मीटर उंच झाली. सह्याद्रीचा खडक काळा आणि कणखर दिसतो, पण तो थरांनी बनलेला आहे. दोन लाव्ह्यांच्या थरांमध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा असतो, वरच्या अंगाला झिजलेला खडक, मुरूम आणि झाडांनी धरून ठेवलेली माती असते. वरून मुरलेले पाणी त्या मऊ पट्ट्यावर येऊन अडते आणि तिथून बाहेर पडायची वाट शोधते. आपण नेमका त्याच्या खालचा आधार कापतो. मुंबई-गोवा महामार्गावरच्या परशुराम घाटात चौपदरीकरणासाठी डोंगर उभा कापला गेला, त्यानंतरच्या पावसाळ्यांत दरडींची भीती वाढली, घाटाखालच्या पेढे गावातल्या लोकांच्या झोपा उडाल्या आणि 2022 च्या उन्हाळ्यात कामासाठी रोज दुपारी काही तास महामार्गच बंद ठेवावा लागला. तेव्हा हलकी वाहने आंबडस-चिरणी-लोटे-कळंबस्ते अशा गावरस्त्यांवरून फिरत होती. राष्ट्रीय महामार्गाचा पर्याय म्हणून एकेरी गावरस्ता, हे मी स्वतः त्या रस्त्याने जाऊन अनुभवले आहे.

हाच वाद हिमालयात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चारधाम रस्त्यांसाठी डोंगरी भागात साडेपाच मीटर रुंदी पुरेशी मानावी असे केंद्राचेच 2018 चे परिपत्रक सांगत होते. 2020 मध्ये न्यायालयाने ते ग्राह्य धरले आणि डिसेंबर 2021 मध्ये लष्करी गरजेच्या कारणाने रुंद रस्त्याला परवानगी दिली. सीमेवरची गरज मी समजू शकतो. आमच्या घाटांमध्ये तशी गरज नाही. इथे साडेपाच ते सात मीटरचा, वळणांवर पुरेसा रुंद, जागोजागी थांबायला जागा असलेला आणि बारमाही उघडा रस्ता हा दहा मीटर रुंद पण जुलैत बंद असलेल्या रस्त्यापेक्षा सर्व बाजूंनी चांगला आहे. चढ सरळ करून रस्ता आखूड करण्याचा मोहही टाळावा. सहाशे मीटर उंची चढायची तर शेकडा पाचच्या चढाने बारा किलोमीटर रस्ता लागतो. तो आठ किलोमीटरमध्ये बसवला तर चढ शेकडा साडेसातवर जातो आणि भरलेला ट्रक उतरताना ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका कितीतरी वाढतो. जुन्या आखणीतल्या नागमोडी वळणांमागे हा हिशेब होता.

घाट वाचतो तो पाण्याच्या व्यवस्थेने. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला दर काही किलोमीटरला मैलमजूर असत आणि त्यांच्यावर मुकादम. एप्रिलपासून ते डोंगराकडच्या गटारातली माती काढत, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्यांची तोंडे मोकळी करत आणि पाऊस सुरू झाला की खांद्यावर इरले, हातात फावडे घेऊन आपापल्या टप्प्यात फिरत. आमच्या एका मुकादमाची नजर मी कधी विसरणार नाही. डोंगर कापलेल्या कडेतून झिरपणारे पाणी तो ओंजळीत घेऊन पाहत असे. नितळ असेल तर पुढे जाई, गढूळ झाले असेल तर तिथेच थांबून वरच्या अंगाला भेग पडली आहे का ते पाहायला चढे. डोंगर आतून हलू लागला की झऱ्याचे पाणी आधी गढूळ होते, हे त्याने मला शिकवले. पुढे ती पदे भरली गेली नाहीत आणि देखभाल निविदेने होऊ लागली. निविदेत गटारसफाई मीटरमध्ये मोजतात, पाण्याचा रंग मोजत नाहीत.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट आहे. घाटातल्या एका नव्वद सेंटीमीटर व्यासाच्या नळमोरीचे तोंड फांद्या, वेफर्सची पाकिटे आणि चिखलाच्या लगद्याने तुंबले होते. सफाई झाल्याची नोंद कागदावर होती. रात्रीच्या पावसात गटाराचे पाणी मोरीत न शिरता रस्ता ओलांडून दरीच्या बाजूला गेले, कठड्याच्या खालचा भराव तासातासाने धुऊन नेत राहिले आणि सकाळी मी पोहोचलो तेव्हा वीस-बावीस मीटर कठडा आणि त्याला लागून हातभर डांबर अधांतरी लोंबत होते. खाली काहीच नव्हते. रस्त्याचा पृष्ठभाग नुकताच नवा केलेला होता आणि पांढरे पट्टेही ताजे होते. मोरी मोकळी करायला दोन माणसांची अर्ध्या दिवसाची मजुरी लागली असती. घाट नऊ दिवस बंद राहिला आणि ती सगळी वाहतूक शेजारच्या घाटावर गेली.

कोकण रेल्वेने हा धडा फार महागात घेतला. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये करंजवाडीजवळ पावसाळ्यात भीषण अपघात झाले. त्यानंतर रुळांलगत कापलेल्या डोंगराचे उतार कमी केले गेले, दगड अडवायला जाळ्या बसल्या, पाऊस मोजणारी यंत्रे लागली, रुळांवर रात्रंदिवस गस्त सुरू झाली आणि पावसाळी वेळापत्रकाची शिस्त आणखी कडक झाली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या मुद्दाम कमी वेगाने धावतात, प्रवासाला जास्त वेळ लागतो आणि ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते. चाकरमानीही त्याबद्दल कुरकुर करत नाही. रेल्वेने मान्य केले की पावसाळा हा इथल्या वाहतुकीचा भाग आहे. याच डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यांना पावसाळी वेळापत्रक का नसावे? प्रत्येक घाटात पर्जन्यमापक असावा, तासाला किती आणि दिवसाला किती पाऊस झाला की घाट थांबवायचा हे त्या घाटाच्या जुन्या नोंदींवरून आधी ठरलेले असावे, आणि थांबवण्याची वेळ दरड पडल्यानंतरची नसावी. त्याच वेळी जाळ्यातला दुसरा कोणता घाट उघडा ठेवायचा, तिथे आधीच पोकलेन आणि माणसे कुठे उभी करायची, हेही त्याच कागदावर असावे.

घाट थांबवण्याची जागासुद्धा महत्त्वाची आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यांना डायलिसिससाठी रात्री कोल्हापूरला न्यायचे होते. घाट बंद असल्याचे आम्हाला घाटाच्या पायथ्याशी, आडव्या टाकलेल्या बॅरलसमोर कळले. बंदी योग्यच होती, पुढे खरोखर दरड आली होती. पण ती पाटी चाळीस किलोमीटर आधीच्या फाट्यावर असती तर आम्ही तिथूनच दुसऱ्या घाटाकडे वळलो असतो. मागे फिरून, महामार्गाने खाली उतरून, दुसऱ्या घाटाने चढून पोहोचायला पहाट झाली. मेहुणे गाडीत मागच्या सीटवर झोपून होते आणि माझी बहीण दर दहा मिनिटांनी त्यांचे पाय दाबून पाहत होती, सूज वाढली का ते. आंबा घाटाची खबर साखरप्याला मिळून उपयोग नाही, ती संगमेश्वरला आणि हातखंब्याला मिळाली पाहिजे. कुंभार्लीची खबर पोफळीला मिळून उपयोग नाही, ती चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर मिळाली पाहिजे. निर्णय घेण्याची जागा फाटा असते, पायथा नसतो.

बोगद्यांची मागणी आता प्रत्येक घाटासाठी होऊ लागली आहे, म्हणून त्याविषयी थोडे. कशेडीचा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाल्याने खालच्या दांड्यावरची एक मोठी अडचण कमी झाली आणि गणपतीला जाणाऱ्या प्रत्येकाने त्याचा फायदा घेतला आहे. तशा एखाद्या ठिकाणी बोगदा योग्यच आहे. परंतु घाटमाथ्याच्या झऱ्यांवर खालच्या वाड्यांचे पाणी अवलंबून असते आणि डोंगराला आतून भोक पाडले की ते पाणी वाट बदलू शकते, हे सर्वेक्षणात आधी तपासले पाहिजे. कोयना, राधानगरी ही अभयारण्ये आणि चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहेत. तिथे प्रत्येक घाट रुंद करण्याऐवजी निवडक घाट पक्के करणे हे जंगलाच्याही हिताचे आहे, आणि जाळे म्हणून विचार केला तरच ती निवड करता येते.

अडचण ज्ञानाची नाही. शिडीचे दोन दांडे आणि दहा पायऱ्या कित्येक यंत्रणांच्या ताब्यात विभागल्या गेल्या आहेत. राष्ट्रीय महामार्ग वेगळे, राज्यमार्ग वेगळे, आणि घाट बंद करण्याचे आदेश काढणारे जिल्हाधिकारी रायगड, पुणे, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, सिंधुदुर्ग असे सहा. एकाच घाटाचा माथा एका जिल्ह्यात आणि पायथा दुसऱ्या जिल्ह्यात असतो, त्यामुळे वरून सोडलेली गाडी खाली अडते असेही मी पाहिले आहे. या सर्वांनी मिळून दरवर्षी 1 जूनपूर्वी सर्व घाटांचा एकच तक्ता जाहीर करावा: कोणता घाट कोणत्या वाहनांना केव्हा बंद, किती पावसाला बंद, तो बंद झाल्यावर कोणता उघडा ठेवला जाईल आणि त्याची जबाबदारी कोणत्या पदावरील अधिकाऱ्याची. आपल्या दैनिकाने तो तक्ता पानभर छापावा आणि सप्टेंबरअखेरीस प्रत्येक घाट प्रत्यक्षात किती दिवस बंद होता ते त्याच्या शेजारी छापावे. त्यात करूळच्या ओळीत पर्यायी मार्ग म्हणून भुईबावडा लिहिलेला असेल, तर मांडुकलीला पाणी आल्यावर वाहनांनी कुठून जायचे तेही त्याच ओळीत लिहिलेले असावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रस्ते अभियंता,
चिपळूण